नऊ दिवस, एकटी, गाडी आणि तंबू: मोहावी-डेथ व्हॅलीच्या वाटेबद्दल मदत हवी

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सलग नऊ दिवस सुट्टी मिळाली आहे. नवरा तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भारतात असेल आणि मुलगी कॉलेजात. माझं वय 51. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते, गेली सहा वर्षं बहुतेक रात्रपाळीच. ट्यूबलाइटखाली इतक्या रात्री काढल्यावर आता मला काळोख बघायचाय, क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा. मुलगी लहान होती तेव्हा आम्ही तिघं दर उन्हाळ्यात तंबू घेऊन जायचो. पण ते झाडीत, पाण्याच्या शेजारी, आणि तंबूचं दुसरं टोक धरायला कुणीतरी असायचं. वाळवंटात कधी राहिले नाही. एकटी तर कुठेच राहिले नाही.

आराखडा असा आहे. लास वेगासला उतरून भाड्याची गाडी घ्यायची. पहिल्या दोन रात्री कॅलिफोर्नियातल्या मोहावी नॅशनल प्रिझर्वमध्ये, होल-इन-द-वॉलच्या कॅम्पग्राउंडला. मधल्या दिवशी केल्सोच्या वाळूच्या टेकड्या. मग बेकर, शोशोनी करत बॅडवॉटरच्या रस्त्याने डेथ व्हॅलीत शिरायचं. फर्नेस क्रीकला तीन रात्रींचं आरक्षण केलंय. त्यानंतर एक रात्र रेसट्रॅक या वाळलेल्या तळ्याकाठी, त्या सरकणाऱ्या दगडांपाशी, एक वाइल्डरोझला, शेवटची लोन पाइनच्या आसपास, आणि परत.

गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही मिळेल असं भाड्याच्या कंपनीने सांगितलंय. नेमकी कोणती ते तिथे गेल्यावरच कळणार.

पाणी नेमकं किती न्यायचं? वाळूत तंबू उभा राहतो का? पाच-सहा तास कुणी माणूस दिसणार नाही अशा रस्त्यावर गाडी बंद पडली तर पहिल्या तासात काय करायचं? आणि हे लिहिताना जरा संकोच वाटतोय, पण रात्री भीती वाटते का? वाटली तर तुम्ही काय करता?

"एकटीने जाऊ नकोस" हे मला घरच्यांनी सांगून झालंय. त्यांची काळजी मला कळते. पण मी जाणार आहे, त्यामुळे नीट कसं जायचं तेवढंच सांगा.

वाळूघड्याळ

ताई, आराखडा चांगला आहे. रेसट्रॅक तेवढं काढून टाका. बाकीचं सगळं नंतर लिहितो, आधी हे.

उबेहेबे या ज्वालामुखीच्या विवरापाशी डांबर संपतं. तिथून रेसट्रॅक साधारण 27 मैल. अंतर ऐकून वाटतं, तासाभराचं काम. पण रस्ता सगळा खडीचा, आडव्या लाटा पडलेला, आणि त्या खडीच्या कडा धारदार. टायर खिळा लागून पंक्चर होत नाही तिथे, त्याची बाजू चिरते, आणि बाजू चिरलेला टायर दुरुस्त होत नाही. पार्कचे लोकच सांगतात की उंच गाडी, जाड टायर आणि पूर्ण आकाराची स्टेपनी असल्याशिवाय जाऊ नका. भाड्याच्या एसयूव्हीला शहरी टायर असतात, आणि मागच्या तळाशी सायकलच्या चाकासारखी बारकी स्टेपनी असते, ती पन्नासेक मैल कशीबशी डांबरावर चालण्यापुरती. शिवाय भाड्याच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर नेलीत तर विमा लागू नाही. करार वाचा.

मी हे अनुभवाने लिहितोय. काही वर्षांपूर्वी मार्चअखेर मी असाच एकटा निघालो होतो, भाड्याची गाडी घेऊन. ते दगड मला बघायचेच होते. सपाट, वाळलेल्या चिखलावर दगड आपले आपण सरकतात आणि मागे लांबच लांब चर सोडतात. कशामुळे ते कुणाला पक्कं माहीत नव्हतं. 2013 च्या डिसेंबरात संशोधकांनी ते सरकताना प्रत्यक्ष पाहिले आणि 2014 मध्ये त्यांचा निबंध आला. थंडीत तिथे उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काही मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो, सकाळी उन्हाने त्याचे मोठाले पापुद्रे सुटतात आणि साध्या वाऱ्याने तरंगत जाताना दगडांना ढकलत नेतात. एवढ्या हलक्या हाताने होणारं काम! ते वाचल्यापासून मला चैन नव्हती.

चौदाव्या मैलावर मागच्या उजव्या टायरची बाजू फाटली. स्टेपनी लावायला गेलो तर जॅक खडीत रुतत चालला. चार वेळा काढून, दगड जमवून, पावणेदोन तासांनी चाक लागलं. मागे वळलो. दोन मैल आलो आणि पुढचा टायर गेला. दुपारचे साडेतीन. फोनला रेंज नाही.

मी गाडीपाशीच थांबलो. त्या दिवशी मी बरोबर केलेली ही एकच गोष्ट. डांबरापर्यंतचे बारा मैल चालत जाऊ असा विचार तीनदा मनात आला, कारण नुसतं बसून राहणं फार अवघड जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला एक जीप आली. त्यातल्या जोडप्याने स्टोव्हपाइप वेल्सच्या वस्तीत जाऊन निरोप दिला. गाडी ओढून न्यायला हजार डॉलरच्या वर गेले. पण मला छळलं ते पैशांनी नाही. माझ्याकडे नऊ लिटर पाणी होतं, म्हणजे दोन दिवस निघाले असते. मेव्हण्याला मी सांगून आलो होतो, "एक-दोन दिवसांत फोन करतो." एक-दोन दिवस म्हणजे किती? त्याने काळजी कधी सुरू करायची? रात्रभर काचेतून बघत मी हाच हिशोब करत होतो, आणि उत्तर येत होतं की चौथ्या दिवसापर्यंत मला कुणी शोधायला लागणार नाही.

म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला पाण्याचाही नाही, टायरचाही नाही. कागद लिहून ठेवा. रोज कुठून निघणार, कोणत्या रस्त्याने, रात्री कुठे, गाडीचा नंबर आणि रंग. आणि रोजची एक ठरलेली वेळ, जिच्या आत तुमचा निरोप पोचला पाहिजे. निरोप आला नाही तर किती तास थांबायचं आणि मग कोणत्या नंबरवर फोन करायचा, तेही त्याच कागदावर. कागद मुलीकडे द्या, नवऱ्याकडे नको. भारतात तेव्हा रात्र असेल आणि ते हॉस्पिटलात असतील. आणि एकदा लिहिलेला रस्ता ऐन वेळी बदलायचा नाही, कितीही सुंदर फाटा दिसला तरी. बदलायचाच असेल तर आधी कळवायचं.

रेसट्रॅकच्या रात्रीऐवजी मेस्किट स्प्रिंगच्या कॅम्पग्राउंडला राहा. तिथपर्यंत डांबर आहे, आणि उबेहेबे विवर जवळच. सहाशे फूट खोल, अर्धा मैल रुंद, काठावर उभं राहिलं की वारा अंगावर येतो. रेसट्रॅक बघायचंच असेल तर फर्नेस क्रीकला कच्च्या रस्त्यांसाठी तयार केलेल्या जीप भाड्याने मिळतात. तो एक दिवस वेगळा ठेवा, फर्नेस क्रीकचा मुक्काम असतानाच.

पाणी: पार्कवाले माणशी दिवसाला निदान चार लिटर सांगतात. मी पाच धरतो, आणि पुढच्या खात्रीच्या नळापर्यंत जितके दिवस, त्यात तीन दिवस मिळवतो. एकाच मोठ्या कॅनमध्ये कधीही नाही. पाच-सहा भांड्यांत विभागून ठेवा, कारण एक फुटतंच. दुधाच्या पातळ कॅनसारखे डबे तर हमखास गळतात. खारट खायला हवं, नुसतं पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ उतरतं आणि डोकं गरगरतं. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आला तसा उडून जातो. म्हणून तहान लागायची वाट बघायची नाही.

नोव्हेंबरात उन्हाची भीती फार नाही. फर्नेस क्रीकला दुपारी 25 अंशांच्या आसपास, पहाटे नऊ-दहा. खरी भीती उन्हाळ्याची. 10 जुलै 1913 ला तिथे 56.7 अंश नोंदले गेले, तो विक्रम आजही मानला जातो. बेकरला त्याच्या आठवणीसाठी 134 फुटी थर्मामीटर उभारलाय, फॅरनहाइटमध्ये 134 म्हणून. तुम्ही त्याच्या खालूनच जाल. पण होल-इन-द-वॉल 4,400 फुटांवर आणि वाइल्डरोझ 4,100 वर आहे. तिथे पहाटे पाणी गोठू शकतं. झोपायची पिशवी शून्याखाली पाच अंशांची घ्या आणि खाली जाड गादी, कारण थंडी जमिनीतून येते.

पाऊस म्हणाल तर फर्नेस क्रीकला वर्षाकाठी जेमतेम दोन इंच पडतो. पण 20 ऑगस्ट 2023 ला हिलरी वादळात एका दिवसात 2.2 इंच पडला आणि पार्कातले रस्तेच्या रस्ते वाहून गेले. बॅडवॉटरला, समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली, मोठं तळं साचलं आणि कित्येक महिने टिकलं. तिथल्या जमिनीत पाणी मुरत नाही, धावतं. तेव्हा तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधी लावू नका, तिथली वाळू कितीही मऊ आणि सपाट दिसली तरी. आणि आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा.

फोनमधल्या नकाशावर विसंबू नका. वाहून गेलेले, शंभर वर्षांपूर्वीच्या खाणींचे रस्तेही तो दाखवतो. डेथ व्हॅलीच्या रेंजरांनी अशा नकाशामागे जाऊन झालेल्या मृत्यूंना "जीपीएसने मृत्यू" असं नावच दिलंय. व्हिजिटर सेंटरमध्ये कागदी नकाशा मिळतो, तो घ्या.

शेवटचं: एक फूट लांब, एक फूट रुंद प्लायवूडचा तुकडा जवळ ठेवा. जॅकखाली. माझे पावणेदोन तास त्यात वाचले असते.

रानजाई

पाऊलखूण, तुम्ही भीतीचं विचारलंत म्हणून लिहितेय. बाकी सामानाचं वाळूघड्याळ यांनी सांगितलंच आहे.

हो, वाटते. सात वर्षं मी एकटी जातेय, दर वेळी पहिल्या रात्री वाटते. दुसऱ्या रात्री कमी, तिसऱ्या रात्री बहुधा नाही. म्हणून पहिल्या रात्रीची जागा नेहमी माणसांत निवडायची. तुमचं होल-इन-द-वॉल त्यासाठी चांगलं आहे. शेजारी एखादं कुटुंब, एखादं वयस्क जोडपं बघून जागा घ्यायची आणि जाऊन ओळख करून द्यायची. मी नाव सांगते आणि सरळ म्हणते, "मी एकटी आहे, तुमच्या शेजारी तंबू लावतेय." आजवर कुणी नाही म्हटलं नाही. मात्र पेट्रोल पंपावर किंवा रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने विचारलं तर मी एकटी नसते. "पुढच्या गाडीत मंडळी आहेत." खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही.

रात्रीचे आवाज ओळखून ठेवा, म्हणजे अर्धी भीती जाते. कायोटी कोल्ह्यासारखे ओरडतात. दोघं-तिघं असले तरी वाटतं वीसएक आहेत. तंबूच्या कापडावर टपटप झाली तर वाऱ्याने उडालेली वाळू. भांड्यांत खुडबुड म्हणजे कांगारू उंदीर, टुणटुण उड्या मारणारा, आयुष्यभर पाणी न पिता बियांवर जगणारा. त्याला बघितलंत की तुम्ही घाबरणार नाही. दिवसा मात्र डोमकावळे सांभाळा. ते पिशवीची चेन चोचीने उघडतात. खाणं गाडीत बंद ठेवा. बूट तंबूबाहेर ठेवू नका, आणि सकाळी घालताना आधी झटका.

वाऱ्याबद्दल. वाळूत नेहमीच्या बारीक खुंट्या धरत नाहीत. मी कापडी पिशव्यांत वाळू भरते, दोर त्यांना बांधते आणि त्या एक वीतभर पुरते. आणि वारा अगदीच सुटला तर तंबू काढायचा, गुंडाळायचा आणि गाडीत झोपायचं. म्हणून गाडी ताब्यात घेतल्याघेतल्या मागची सीट पाडून आडवं होऊन बघा, पाय पुरतात का. ही तपासणी वाळवंटात अंधारात करायची नाही. मला एकदा ती रात्री अकराला करावी लागली, वारा दार उघडू देत नव्हता, तंबूची काठी मोडलेली, आणि सीट कुठल्या खटक्याने पडते तेच सापडेना. रडले त्या रात्री. सकाळी सहाला डोंगर गुलाबी झाले आणि मी शेगडीवर चहा ठेवला तेव्हा हात अजून थरथरत होते, तरी तिथून निघावंसं वाटत नव्हतं.

आणखी एक, ज्याबद्दल कुणी लिहीत नाही. कॅम्पग्राउंडच्या बाहेर शौचाला जायचं तर सहा इंच खोल खड्डा, पाण्यापासून आणि वाटेपासून दोनशे फूट लांब, आणि कागद आपल्याबरोबर परत आणायचा. वाळवंटात कागद कुजत नाही. वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि उडत जाऊन कुठल्यातरी झुडपाला अडकतो. मी एक जाड, चेन असलेली पिशवी त्यासाठीच ठेवते.

जमीन काळपट, खडबडीत, बारक्या उंचवट्यांची दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. ती जिवंत साय असते, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांनी धरलेली. एका पावलाने मोडते आणि भरून यायला दशकं लागतात. जिथे आधीच माणसं राहून गेली आहेत तिथेच तंबू लावायचा.

मृगशीर्ष

काळोखासाठी जाताय म्हणून दोनच गोष्टी.

तारखा अजून हलवता येत असतील तर तिथी बघा. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस उत्तम. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर वाळवंट दिसायला सुंदर दिसतं, पण तारे पुसले जातात. डेथ व्हॅलीला 2013 साली अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तरी पूर्वेकडे लास वेगासची झळाळी दिसते, तेव्हा पाठ तिकडे करून बसा.

दुसरं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर पावणेपाचलाच सूर्य मावळेल आणि रात्र तेरा तासांहून मोठी असेल. एकट्या माणसाला ही लांबी जड जाते, हे आधी ठाऊक असलेलं बरं. संध्याकाळी डोक्यावर देवयानी शोधा. तिच्यातली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते, 25 लाख प्रकाशवर्षं लांब. पूर्वेला कृत्तिका वर येतात, मागून रोहिणी, आणि नऊच्या सुमारास मृग. पहाटे उजाडायच्या दीड तास आधी पूर्वेला एक तिरपा, फिकट उजेडाचा सुळका उभा राहतो. ती पहाट नव्हे, सूर्याभोवतीच्या धुळीवरचा उजेड आहे. शहरात राहून तो दिसत नाही. त्यासाठी एकदा तरी पहाटे उठा. विजेरीला लाल कागद लावा, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं वाया जातं.

पाऊलखूण

तुम्ही तिघांनीही इतकं मनापासून लिहिलंत. प्रिंट काढून स्वयंपाकघरात लावलंय.

रेसट्रॅक रद्द. खरं सांगते, वाईट वाटलं. पण भाड्याचा करार वाचला, आणि तिथे कच्च्या रस्त्याबद्दल तेच वाक्य आहे. मेस्किट स्प्रिंग धरलंय.

मुलीसाठी कागद लिहायला बसले तेव्हा कळलं की तीन दिवसांचं मला स्वतःलाच नेमकं सांगता येत नाहीये. "आसपास", "जमलं तर", "बघू". ते सगळे शब्द खोडून रस्त्यांची नावं लिहिली.

आता एक अडचण. मुलगी म्हणते, रोज तीनदा निरोप पाठव. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने घेतेय. तीनदा बरोबर आहे का? आणि केल्सोच्या टेकड्यांवर एकटीने चढणं ठीक आहे ना?

वाळूघड्याळ

तीनदा नको. एकदाच, संध्याकाळी, तंबू लागल्यावर. तीनदा ठरवलंत तर एखादा चुकणार, दरीत असाल, यंत्राला आकाश दिसणार नाही, आणि पोरगी विनाकारण घाबरणार. दोन-तीनदा तसं झालं की मग खरा निरोप चुकेल तेव्हा ती म्हणेल, "आई विसरली असेल." सात वाजेपर्यंत एक निरोप. नाही आला तर तिने सकाळी सातपर्यंत वाट बघायची, मग फोन करायचा. संकटाचं बटण वेगळं असतं, ते तुम्ही दाबाल तेव्हा कुणी सातची वाट बघणार नाही. यंत्र दोन्ही बाजूंनी निरोप देणारं घ्या आणि निघायच्या आधी अंगणात उभं राहून दोन-चार निरोप पाठवून बघा.

केल्सोच्या टेकड्या चढा, जरूर. साडेसहाशे फुटांच्या आसपास उंची आहे, पण दोन पावलं वर, एक खाली असा प्रकार असतो. सकाळी लवकर निघा. गाडी सोडताना मागे वळून बघा आणि तिच्या मागचा डोंगर ध्यानात ठेवा. पावलांच्या खुणांवर भरवसा ठेवू नका, वारा त्या तासाभरात पुसतो. माथ्यावरून उतारावर बसून खाली घसरा. वाळू कोरडी असेल तर तिच्यातून घुमणारा आवाज निघतो. कोरडे, गोलसर कण एकमेकांवरून एका लयीत सरकतात म्हणून. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, दूर कुठेतरी विमान उडतंय.

वाळूवर इंग्रजी जे अक्षरासारख्या, एकाखाली एक तिरप्या रेघा दिसल्या तर तो साइडवाइंडर साप गेलेला आहे. नोव्हेंबरच्या थंड सकाळी तो बहुधा दडलेला असतो. झुडपाच्या बुडाशी हात घालू नका, एवढंच.

पाऊलखूण

परत येऊन पाच दिवस झाले. आधी लिहायला हवं होतं, पण रात्रपाळी लगेच सुरू झाली.

पहिल्या रात्री झोप लागली नाही. शेजारी एक आजी-आजोबा होते. रानजाई, तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आजींनी त्यांच्या गाडीचा दिवा रात्रभर माझ्या बाजूला लावून ठेवला. मला काळोख हवा होता, पण मी काही बोलले नाही, आणि त्या रात्री तो दिवा मला लागला.

दुसऱ्या रात्री दोनला वारा आला. वाळूच्या पिशव्या टिकल्या, पण कापड इतकं फडफडायला लागलं की मी गाडीत गेले. सीट आधीच पाडून ठेवली होती.

केल्सोला टेकडी बोलली. विमान नाही वाटलं मला. एमआरआयच्या खोलीबाहेर उभं असताना जो आवाज पोटात जाणवतो, तसा. तीनदा वर चढून तीनदा घसरले, मग ढोपरं संपली.

बॅडवॉटरच्या रस्त्यावर एक कच्चा फाटा होता, पाटीवर एका खोऱ्याचं नाव, दीडच मैल. पहिले काही शे फूट चांगले होते. पुढे पाण्याने रस्ता कापलेला दिसला, फूटभर खोल, आणि त्यापलीकडे टायरच्या खुणा गेलेल्या. कुणीतरी पार केलं होतं म्हणजे. मी उतरले, बघितलं, कागद आठवला. त्यावर तो फाटा नव्हता. मागे वळायला जागा नव्हती, म्हणून उलटी गाडी घेत डांबरापर्यंत आले. तेवढ्याला वीस मिनिटं लागली आणि हात घामाने भिजले. त्या संध्याकाळी फर्नेस क्रीकला पोचून निरोप पाठवला तेव्हा सहा चाळीस झाले होते.

मेस्किट स्प्रिंगला चौथ्या की पाचव्या जागेत एकटीच होते, आसपास दोन गाड्या, दूर. मृगशीर्ष, मी साडेचारला उठले. आधी कळलंच नाही, वाटलं कुठल्या गावाचा उजेड असेल. मग नकाशा काढून लाल उजेडात बघितलं, त्या दिशेला गाव नव्हतं. पिशवी अंगाभोवती गुंडाळून उजाडेपर्यंत टेबलावर बसून राहिले. भीती वाटतेय का, असं मी स्वतःला विचारलं नाही. हे मला नंतर, वाइल्डरोझच्या चढावर गाडी चालवताना लक्षात आलं.

वाइल्डरोझला पहाटे बाटलीत बर्फाचे तुकडे होते. वर कोळशाच्या दहा भट्ट्या आहेत, 1877 च्या, मधमाश्यांच्या दगडी पोळ्यांसारख्या उभ्या. आत शिरून हाक मारली तर आवाज डोक्याभोवती फिरतो. लोन पाइनला शेवटच्या संध्याकाळी समोर माउंट व्हिटनी, 14,505 फूट, बर्फाची रेघ असलेला. चारच दिवसांपूर्वी मी समुद्राच्या 282 फूट खाली मिठावर उभी होते.

पुढच्या कुणासाठी हिशोब: पाणी दिवसाला साडेचार लिटर लागलं, त्यात भांडी धुणं आलं. एक डबा गळला, तिसऱ्या दिवशी, गाडीच्या मागच्या गालिच्यावर. पेट्रोल पार्कच्या आत बाहेरपेक्षा बरंच महाग आहे, पण टाकी अर्धी झाली की मी भरत गेले, भाव न बघता.

टायरला काही झालं नाही. वाळूघड्याळ काका, तुमचा प्लायवूडचा तुकडा जॅकखाली गेलाच नाही. रोज संध्याकाळी त्यावर शेगडी ठेवत होते, वाळूत ती सरळ उभी राहत नव्हती. तो मी परत आणलाय. मार्चमध्ये मुलीला घेऊन जायचं ठरतंय, या वेळी जीप घेऊन, तुमचे दगड बघायला.